टांग ना, टांग ना

४ मार्च, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत

प्रिय बडबडे,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण फाडण्याआधी माणूस एक नजर टाकतोच. त्या एका नजरेवर माझी सगळी भिस्त आहे.

गाण्यावरूनच रुसलीस ना? दुसरं काय असणार! त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते, हात साबणाचे. तुझं नाक चोंदलेलं होतं, सर्दी झाली असावी. तू म्हणालीस, "आई, गाणं गेलं." मी म्हणाले, "बरं झालं गेलं ते. पीडा टळली. आता नीट खा, नीट झोप, आणि पुन्हा असल्या भानगडीत पडू नकोस." तू पटकन फोन ठेवलास. त्यानंतर तुझा आवाज म्हणून नाही.

आता तूच सांग, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? ते गाणं मला आवडत नाही हे मी कधी लपवलं होतं का? तू रेकॉर्डिंग करून आलीस, पेढे वाटल्यासारखी सगळ्यांना ऐकवत सुटलीस, तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. जावईबापूंनी चाल लावली आहे म्हणून मी तोंड आवरलं, नाहीतर आणखी बोलले असते.

आणि गेलं गेलं म्हणतेस ते गेलंय कुठे? इथे उठता-बसता तेच चालू आहे. मालकांना कुणीतरी सांगितलं की गाणी लावली की बायका जास्त काम करतात. झालं! आमच्या पट्ट्याच्या डोक्यावर मोठा स्पीकर आणून बसवला. तू कधी कारखान्यात आत आली नाहीस म्हणून सांगते. धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून पळत येतात, मागे पांढरा दिवा, आणि आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या राहून टवका उडालेली, तडा गेलेली बाटली उचलून बाजूला टाकतो. त्या बाटल्यांचा खणखणाट असा की शेजारणीला हाक मारायची तर खांद्यावर थाप मारावी लागते. त्यात वरून तुझं गाणं. आधीच उल्हास!

बरं, शब्द तरी काय! "टांग ना, टांग ना, आतलं काय ते टांग ना." अगं, आतलं टांग ना? आतले कपडे दोरीवर टांगायचं गाणं माझ्या पोरीने गावं? मी हे पट्ट्यावर म्हटलं तर सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या. आता सगळ्याच माझ्याकडे बघून "टांग ना" म्हणतात आणि वाळत घालायची नक्कल करतात. हसतात हसोत. मला मेलीला आतून लाज वाटते.

एकटं तुझंच नाही म्हणत मी. हल्लीची सगळीच गाणी तसली. ढुम् ढुम् तेवढं ऐकू येतं, आणि गाणारे तोंडात गुळणी धरून गातात. पूर्वी शब्द न् शब्द कळायचा.

असो. फोन कर. सर्दी बरी झाली का तेवढं तरी कळव.

तुझी आई


९ मार्च, शनिवार

बडबडे,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझीच आई आहे, मी लिहीतच राहणार.

मंगळवारी मी एक प्रताप केला. तू हसशील म्हणून सांगते. सकाळी पट्टा सुरू झाला, स्पीकर सुरू झाला, आणि पहिलंच तुझं गाणं. तुझा आवाज मला कळतो, शब्द कळोत न कळोत. तू गातेस, सगळ्या जगाशी बोलतेस, आणि माझा फोन तेवढा घेत नाहीस. माझं डोकंच फिरलं. खुर्ची ओढली, वर चढले आणि वायर खस्सकन उपटली. प्लास्टरसकट आली.

सुपरवायझर धावत आला. माझ्यामागे उभा राहून बराच वेळ काहीतरी बडबडला म्हणे, मी वळले तेव्हा त्याचं तोंड लालबुंद. म्हणतो कसा, "एवढं बोलतोय तर लक्ष तरी द्या!" आता मागून बोललं तर कोण लक्ष देईल? समोर येऊन बोलावं माणसाने. लेखी समज दिली आहे मला. पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. पट्ट्यावर माझ्यासमोर उभी असते ती लंबू म्हणाली (म्हणजे ओठांनीच म्हणाली, आम्ही पट्ट्यावर आवाज काढतच नाही, कोण ऐकणार त्या गोंगाटात!), "एवढं सुंदर गाणं, तुझ्या पोटची पोर गातेय, आणि तू वायरी काय उपटतेस?" तिला काय सांगू.

घरी तरी शांतता असावी, तर तेही नाही. दाराची बेल बिघडली आहे, दुधाचा माणूस दारावर धपाधपा मारतो. दुरुस्तीवाला आला, बटण दाबून म्हणाला, बेल ठणठणीत आहे. चोर मेला! कुकरची शिट्टी पण गेली, परवा सगळं करपलं. एक नीट चालेल तर शपथ.

तू रुसलीस त्याच्या आधीच्या फोनवर किती खूश होतीस गं तू. आठवतं? केवढा वेळ बोलत होतीस, हसत काय होतीस. मी आपली हं हं करत होते. अशी बोलायची माणसं अशी गप्प कशी होतात?

एकदा फक्त सांग की रागावली आहेस. "आई, मी तुझ्यावर रागावले आहे," एवढंच. माझं काही म्हणणं नाही.

आई


१५ मार्च, शुक्रवार

माझ्या राजा,

बरं, हरले मी. गाणं चांगलं आहे.

सुपरवायझरने स्पीकर पुन्हा लावून घेतला. आता तुझं गाणं लागलं की मी मुकाट्याने ऐकते. काल तर मी लंबूबरोबर गायले. चाल गोड आहे. जावईबापूंना सांग, सासूबाई म्हणाल्या चाल गोड आहे. ठेकाही धरता येतो. आणि टांगायचं तर टांगू दे, त्यात एवढं काय, कपडे सगळ्यांच्याच घरी असतात.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला दिसतंय. आई खोटं बोलतेय, म्हणशील. बोलतेय बाई. नाही आवडत मला ते गाणं. जन्मात नाही आवडणार. पण तू परत बोलणार असशील तर मी ते छातीवर लिहून गावभर हिंडेन. माझा जीव टांगणीला लागलाय, कळतंय का तुला? तुझे बाबा गेल्यावर मला हक्काने हाक मारणारं तुझ्यावाचून कोण उरलंय?

रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी फोन लावते. आधी वाजतो, मग ती बाई काहीतरी सांगते. ती काय सांगते तेही धड कळत नाही. हल्ली सगळ्यांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागली आहे. बँकेतला तो मुलगा काचेमागून बोलतो, त्याचं मात्र कळतं. शेजारच्या काकू अंधाऱ्या जिन्यात काही विचारतात, मी अंदाजाने "हो हो" म्हणते. परवा त्यांनी विचारलं होतं की मी आजारी आहे का. हो म्हणून बसले, त्यांनी बिचाऱ्यांनी सूप आणून दिलं.

आजारीच आहे मी. झोप नाही, जेवण जात नाही. बाटल्या समोरून जातात आणि तडा गेलेली चांगली वाटते, चांगलीला तडा दिसतो. काल एक फुटकी माझ्या हातून पुढे गेली. भरताना फुटली. कुणाला लागलं नाही, पण लागलं असतं.

काय केलंय मी? एकदा सांग. शिव्या दे, चालेल.

तुझीच


२४ मार्च, रविवार

बडबडे,

आज जे लिहिणार आहे ते नीट वाच. फाडू नकोस.

सोमवारी लंबूची जागा बदलली. माझ्यासमोर एक नवी बाई आली, दुसऱ्या कारखान्यातून. तिला आमच्या चेष्टा-मस्करी काही ठाऊक नाहीत. तुझं गाणं लागलं. ती हसली आणि गुणगुणायला लागली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. सवयच आहे ती. तिने दात जुळवले, ओठ थोडे फाकवले. ट म्हणायला असं तोंड होत नाही, अगं. असं तोंड स म्हणायला होतं.

"सांग ना, सांग ना, आतलं काय ते सांग ना."

मी हातातली बाटली खाली ठेवली. तिला खूण केली, पुन्हा म्हण. तिने पुन्हा म्हटलं. सांग. मग मी लंबूला गाठलं सुट्टीत, म्हटलं, "गाण्यात काय आहे गं, टांग की सांग?" ती हसायला लागली. म्हणाली, "सांगच आहे, टांग तर तू गंमत म्हणून म्हणतेस." सगळ्या पट्ट्याला वाटत होतं मी गंमत करतेय! त्या माझ्याकडे बघून टांग म्हणायच्या, मला वाटायचं खरंच टांग आहे.

लंबूनेच मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी म्हटलं, माझे कान चांगले आहेत, लोकांची तोंडं बिघडली आहेत. डॉक्टर तरणे आहेत, हसले नाहीत. समोर बसून विचारत होते तोवर मी पोपटासारखी उत्तरं दिली. मग त्यांनी एक कागद घेऊन आपल्या तोंडासमोर धरला. आणि बोलणं बंद! म्हणजे आवाज येत होता, ऊ ऊ आ आ असा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. मी म्हटलं, "बोला ना." त्यांनी कागद बाजूला केला, म्हणाले, "बोलतोच आहे." पुन्हा धरला, पुन्हा भिंत.

जाड आवाज येतात, बारीक आवाज गेले, म्हणाले. बेल, शिट्टी, पाखरं. आणि शब्दांच्या कडा. बाटल्यांच्या खणखणाटात इतकी वर्षं गेली, त्याने झिजल्या. आणि मला पत्ता लागला नाही, कारण मी कधीपासूनच कानांनी ऐकत नाही, बघून ऐकते. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. मशीन लावलं तर थोडाफार फरक पडेल.

घरी येऊन मी फोनसमोर बसले. स्पीकरला तोंड नसतं. फोनलाही नसतं.

त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस?

"गाणं गेलं" म्हणालीस असं मला वाटलं. पण गाणं तर कुठेच गेलेलं नाही! ते सगळीकडे वाजतंय. मग काय गेलं? मी सारखी एकेक शब्द लावून बघतेय. काम गेलं? दातांच्या दवाखान्यातली नोकरी गेली का तुझी? तसं असेल, आणि मी "बरं झालं" म्हटलं असेल, तर तू रागावलीस ते बरोबरच आहे, पण एवढी? घर सोडावं लागलं का? मला सुचत नाही. जावईबापूंना मी वेगळं पत्र घालते आहे. त्यांना म्हणते, एकदा येऊन जा, आणि माझ्यासमोर उभं राहून सांगा.

तू नको बोलूस. पण त्यांना येऊ दे.

आई


२ एप्रिल, मंगळवार

जावईबापू आले होते. काल, कारखान्याच्या फाटकाशी, सुट्टी झाली तेव्हा.

मी विचारलं, "तिची नोकरी गेली का हो?" ते म्हणाले, "आई, तुम्हाला खरंच माहीत नाही?" मी म्हटलं, "ती फोनवर काय म्हणाली तेवढं सांगा. सावकाश सांगा. माझ्याकडे बघून."

त्यांनी सांगितलं. ब म्हणताना ओठ मिटतात, बाळा. गाणं म्हणताना मिटत नाहीत. तू माझ्यासमोर असतीस तर माझी चूक झालीच नसती. कुठल्याच जन्मात झाली नसती.

आणि त्याआधीचा तो फोन, तू हसत होतीस तो. तेव्हा तू मला दिवस गेल्याचं सांगत होतीस. मी काय म्हणाले तेही त्यांनी सांगितलं, तू त्यांना हसून सांगितलं होतंस म्हणे. मी म्हणाले होते, "हं, हं, बरं. दाराला कडी लावत जा." तुला वाटलं आईला आनंदाने काही सुचत नाही.

तू म्हणालीस "आई, बाळ गेलं." आणि मी म्हणाले "बरं झालं, पीडा टळली." मी म्हणाले "पुन्हा असल्या भानगडीत पडू नकोस."

मी हे लिहू कशी. माझी जीभ झडली का नाही.

मी त्यांना म्हटलं, "तिला सांगा, मला ऐकू येत नाही." ते म्हणाले, "सांगितलं. ती म्हणते, दुसऱ्या कुणाचं नसेल येत, माझं येतं. आईला नेहमी माझं सगळं कळतं." ते रडत होते. मी पण. फाटकावरचा वॉचमन बघत होता, बघू दे.

तुला खोटं वाटणारच. मला कळायचंच ना सगळं. तू शाळेतून दारात आलीस की तोंड उघडायच्या आत कळायचं. ते बघून कळायचं गं.

मी येते आहे. रजा देत नाहीत, लेखी समज आहे ना माझ्या नावावर. नाही दिली तर नाही दिली. मी निघाले.


७ एप्रिल, रविवार
तुझ्या जिन्यात

बाळा,

हा कागद दाराखालून सरकवते आहे.

मी बेल दाबली. वाजली की नाही मला माहीत नाही. मग दार ठोठावलं, ते हाताला लागलं म्हणून कळलं. आतून कुणी काही म्हणालं असेल, मला आलं नाही. म्हणून वरच्या पायरीवर बसून लिहितेय. खालच्या मजल्यावरच्या बाई जाता-येता माझ्याकडे बघून जातात. एकदा थांबून काही विचारलं, मी मान वर करून पाहिलं तर म्हणाल्या, "पाणी हवं का?" नको म्हटलं.

मी माफी मागायला आलेली नाही. माफी मागायची तर चूक सांगावी लागते, आणि माझे कान गेले ही काही माझी चूक नाही. तुझीही नाही. कुणावर रागवायचं तेच कळत नाही, म्हणून मी आपली त्या गाण्यावर रागवत होते.

पण त्या दिवशीच्या तुझ्या बोलण्याला माझं उत्तर द्यायचं राहून गेलंय. तेवढं देते. तू म्हणालीस, "आई, बाळ गेलं."

आणि मी म्हणते, अगं माझ्या सोन्या, असं कसं गं झालं. कधी? तुला फार त्रास झाला का? एकटी आहेस का तू आता? रड, रड, रोखू नकोस. फोन ठेवू नकोस. नको, ठेव, मी गॅस बंद करते आणि निघालेच. मी येईपर्यंत काही करू नकोस, नुसती पडून राहा. मी आले की तुझे केस विंचरीन.

हे म्हणायचं होतं. ह्याशिवाय दुसरं काही मी म्हणालेच नसते.


त्याच दिवशी
दुसरा कागद

पहिला कागद आत गेला. मी सरकवला होता त्याच्याही पुढे गेला. तू ओढलास. तुझी बोटं दिसली मला.

म्हणजे तू दाराला लागूनच बसली आहेस.

तू आतून काही बोलत असशील. "निघून जा" म्हणत असशील. मला खरंच येत नाही गं ऐकू. जा म्हणायचं असलं तरी तुला दार उघडून, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणावं लागेल. तोवर मी इथे बसले आहे.